गाभण चौतीस

धुळे
ता. १३ जून १९४८

पुन्हा तेच. मी मेंढरं सोडून पळालो म्हणून. दादा, तीन वर्सं झाली, आता तरी नवं काही काढ. पुंजाराम शिंप्याच्या हातून कार्ड लिहून घेतोस, कार्डाला जागा टीचभर, त्यातली निम्मी मला बोल लावण्यात जाती. अन् खरी गोष्ट पार खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात: 'मेंढरं भोकरदनच्या कोंडवाड्यात हायेत.' ही आधी लिहायची, का बापाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो ती?

मी पळालो न्हाई. सात महिने वऱ्हाडात, पाच महिने निजामात, जिथं मेंढरं बसली तिथं आपण बसलो. मला एका जागी पाठ टेकायची व्हती. गिरणीत मान मोडून काम करून राह्यलो, पण टेकायला रोज तीच भिंत हाय. तुला हे कळायचं न्हाई, तुला भिंत लागतच न्हाई.

पुंजाराम मामा, तुम्ही हे वाचून राह्यलात म्हणून तुम्हाला राम राम. दुकानात गिऱ्हाईक असंल तर जरा हळू वाचा.

दादा, मला समजलं ते असं. चुकलं असंल तर सांग. मार्गशीर्षात तू नेहमीसारखी एकशे चाळीस मेंढरं निजामाच्या नदीवरच्या जकातनाक्यावरून वऱ्हाडात नेली. नाक्याच्या मुन्शीजीनं मोजली, किताबात लिहिली, गाभण किती ते बी लिहिलं, अन् तुला मोजणीच्या गाठींचा दोर दिला, गाभणीची गाठ बारकी. ज्येष्ठात परत आलास तर अलीकडं हिंदुस्थान सरकारच्या शिपायांनी अकरा दिवस अडवलं, म्हणले हैदराबादेत जनावर सोडायचं न्हाई, वरून हुकूम हाय. मंग तू पहाटं पाण्यातून मेंढरं उतरवली. पलीकडं निजामाचा नवा नाकेदार तंबू टाकून बसल्ता. तू त्याला दोर दाखवला. तो हसला. म्हणला, "दोर कशाचा? किताब कुठाय?" किताब तर वैशाखात नाक्यासंगं जळालेली. मंग तुझी मेंढरं चोरून आणलेला माल ठरली, कोंडवाड्यात गेली, अन् आता त्यांची जकात, दंड अन् रोजची खुराकी तूच भरायची.

एकशे चाळीसमधली आठ मेली, एकतीस पिलं झाली, एकशे त्रेसष्ट झाली. ती पिलं तर मुन्शीजीनं कधी परकी धरलीच न्हाईत. "पेट में थीं तो इधर की ही हैं," असं म्हणून दरवर्सी सोडायचे. नवीन नाकेदाराला हे सांगितलंस का? सांगितलं असशील तर कसं? तू तोंड उघडतोस तव्हा उशीर झालेला असतो.

नाका कोणी जाळला ते मला काय ठाव. मी वैशाखात तापानं पडल्तो, गिरणीचे नऊ खाडे झाले. करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, नाके जळाले ते बरंच झालं म्हणणारे इथं पुष्कळ हायेत. मुन्शीजीच्या हाताला लई भाजलं का? बरे झाले का ते?

पगार झाला की काही पाठवतो. चंद्री मेंढीच्या गळ्यातली घंटी काढून ठेव, कोंडवाड्यातले शिपाई ठेवायचे न्हाईत.

सांडू


धुळे
ता. ४ जुलै १९४८

तुझ्या कार्डात एकच सवाल व्हता. मुन्शीजीच्या हाताला भाजलं हे तुला कोणी सांगितलं.

बाजारात ऐकलं, दादा. तिकडून माणसं येतात इथं. एवढंच.

मी वकिलाकडं गेल्तो. मला वाटलं तू खूश व्हशील, तर तू हाताचं धरून बसलास. रामराव वकील मोठा माणूस हाय, त्याचा कारकून आमच्या खात्यातल्या एकाचा भाऊ, म्हणून आत घेतलं. फी न्हाई घेतली. मी सगळं सांगितलं, म्हणजे तुझं सगळं सांगितलं. ते पाय खुर्चीवर घेऊन ऐकत बसले.

म्हणले, "हे बघ, दिल्लीनं संस्थानांना सांगितलं, लष्कर, परराष्ट्र अन् दळणवळण ही तीन खाती आमच्याकडं द्या, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. बाकीच्यांनी सह्या केल्या. हैदराबादनं केली नाही. त्यांच्याशी वर्षभराचा करार झाला, जैसे थे. इंग्रज असताना दोघांमध्ये जे चालत होतं ते तसंच चालू ठेवायचं."

मी म्हणलं, "साहेब, मेंढरं ह्या तीन खात्यांत कशात बसतात?"

ते हसले. "कशातच नाही."

"मंग दिल्लीच्या शिपायानं कशी अडवली?"

"हद्दीवरून माल जाऊ द्यायचा का नाही हे ते आपल्या बाजूनं बघतात."

"मंग निजामाच्या शिपायानं कशी धरली?"

"जकात त्यांची. ते त्यांच्या बाजूनं बघतात."

"अन् मेंढराच्या बाजूनं कोण बघतं?"

कारकून फिसकन हसला. वकीलसाहेब हसले न्हाईत. मी म्हणलं, "इंग्रज असताना आमची मेंढरं जात-येत व्हती. आमच्या आज्यापासून. करार जैसे थे चा हाय तर मेंढरं बी जैसे थे. दोन्ही सरकारांनी सही करून ठेवलीय, मंग दोघंबी कशी मोडून राह्यले?"

त्यांनी टाक खाली ठेवला. "किती शिकलास?"

"दुसरी."

"पुढच्या इयत्ता?"

"मेंढरांमागं."

दादा, त्यांनी मला खुर्ची दिली. खरंच सांगतो, रेणुकाईची आण. म्हणले, मुद्दा खरा आहे, दिल्ली ऐकेल न ऐकेल, पण तुमच्या तहसीलदाराला ऐकावा लागेल, कारण तुमचं सरकारच रोज ओरडतं आहे की आमचे जुने हक्क कोणी मोडू नयेत. त्याच्या रयतेचा जुना हक्क त्याला मोडता यायचा नाही. मला तर तिथंच उडी मारावी वाटली. तू म्हणायचास न्हाई का, राजा कोणचा बी असू दे, किताबात नाव असलं म्हणजे झालं. तेच वकील बोलून राह्यले व्हते, फक्त खुर्चीत बसून.

मंग ते म्हणले, "पण रिवाज शाबीत करायला कागद लागतो. ती वही कुठाय?"

"जळाली."

"कोणी जाळली? हे फार महत्त्वाचं आहे. तुझ्या भावानंच लबाडी लपवायला जाळवली असं ते म्हणणार. दुसऱ्या कोणी जाळली, अन् तिच्यात ही मेंढरं होती, एवढं शाबीत झालं तर सुटतील. जाळणारा माहीत आहे का?"

खाली रस्त्यावरून बैलगाडी जाऊन राह्यली व्हती. ती पार कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर मी ऐकली. मंग न्हाई म्हणलो अन् उठलो.

तू लिहितोस पाऊस लागल्यापास्नं कोंडवाड्यात चिखल हाय, खुरं सडून राह्यलीत, बारा मेली. वैनी लिंबाचा पाला घेऊन रोज पिंपळगावाहून चालत येती. तिला म्हणावं रोज नको येऊ. चंद्री लंगडती का? लिहीत का न्हाईस?

सांडू


धुळे
ता. १ ऑगस्ट १९४८

पुंजाराम मामा, हे टपालानं न्हाई पाठवलं. त्रिंबक नावाचा माणूस आणून दिल. दुकानाची फळी लावून घ्या, कोणी नको, अन् मंगच दादाला वाचून दाखवा. तुमची सुई चालू ठेवू नका, ऐकताना त्याच्याकडं बघा. तुम्हाला पाया पडून सांगतो.

दादा, मला वैशाखात ताप न्हाई आल्ता.

आमच्या गिरणीतली पाच जणं हद्दीवरच्या कँपात गेली, मी बी गेलो. त्रिंबक तिथला पुढारी, जाफराबादकडचा हाय. कँपात सकाळी कवायत, मंग भाषण. निजामानं हिंदुस्थानात सामील व्हावं, रयतेला राज्य द्यावं, जकातीचे नाके म्हणजे रयतेच्या गळ्यातला फास. मला हे पटलं. आजबी पटतं, हे मी तुला खोटं सांगणार न्हाई. दादा, माझ्या जन्मात पहिल्यांदा कोणी मला एकशे चाळीसमधला एक असं न्हाई मोजलं.

मंग त्यांनी विचारलं, नदीचा नाका कोणाला माहीत हाय. मी हात वर केला. मला का न्हाई माहीत असणार? तिथं मी पाच वर्साचा असताना मुन्शीजीच्या मांडीवर बसून शेंगा खाल्ल्यात.

ऐन दुपारी गेलो. शिपाई दोन, ते बघताच पळाले. मुन्शीजी पळाले न्हाईत, त्यांचं वय का पळायचं हाय? कोणाला मारायचं न्हाई असा आमचा नियम, म्हणून त्यांना बाहेरच्या बाभळीला धोतरानं बांधलं. मी तोंडाला फडकं बांधल्तं. आतून सगळे कागद काढले, अंगणात ढीग केला. ती लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेली किताब माझ्याच हाती आली.

मुन्शीजी वरडले, "सांडू! अरे सांडू, वो नक्को जला रे! तेरे भाई के मेंढ्यां हैं उसमें!"

त्यांनी मला चालण्यावरून वळखलं असंल.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्रिंबक म्हणला, "काय रे, वळखीचा हाय का तुझ्या?" एक जण म्हणला, "याच्या भावाचं खातं दिसतंय, सोडा, याला ठेवू द्या." अन् हसले. तसलं हसणं तू कधी ऐकलं न्हाईस. तू मेंढरांमागं रानात एकटाच असतोस.

मी किताब उघडली सुद्धा न्हाई. उघडून तरी काय, ती उर्दूत. मला वाटलं, ठेवली तर हे म्हणतील, निजामाची मेंढरं राखणारा. मी ती टाकली. माझ्या हातानं टाकली. खारवा लवकर पेटत न्हाई, म्हणून काठीनं पानं सुटी केली. तेवढ्यात मुन्शीजीनं गाठ सोडवली अन् आले अन् दोन्ही हात घातले आगीत. मीच त्यांना मागं वढलं. असं हाताचं मला ठाव.

म्हणजे जाळणारा माहीत न्हाई असं मी वकिलापुढं म्हणलो, तो जाळणारा मीच.

पुंजाराम मामा, तो काय म्हणला ते जसंच्या तसं लिहा. शिव्या दिल्या तर शिव्या लिहा. गाळू नका.

सांडू


धाड
ता. २४ ऑगस्ट १९४८

अठरा-वीस दिवस कार्ड आलं न्हाई. मला वाटलं आता येणारच न्हाई. मंग चार दिवसांमागं त्रिंबकच्या हाती आलं, अन् ते पुंजाराम मामाच्या शब्दांत:

'कचरू ऐकून उठला व मेंढरांकडे गेला. चार दिवस दुकानावर आला नाही. पाचव्या दिवशी आला व म्हणाला, त्याला लिहा, एकशे अठरा उरली. सत्तावीस तारखेला लिलाव आहे. चंद्री अजून जिती आहे.'

दुसरं काही न्हाई. वीस वेळा वाचलं. दादा, तू चंद्रीचं लिहिलंस. माय गेली त्या वर्सी मी तिला बाटलीनं दूध पाजल्तं, माझ्या घोंगड्यात झोपवल्तं, ते तुला ध्यानात हाय. मी त्या चार शब्दांत जेवढं मावंल तेवढं बसवून घेतलं. तुला तसं म्हणायचं नसंल तरी आता परत मागू नको.

मी गिरणी सोडली. मुकादम म्हणला, आता गेलास तर येऊ नको. मी म्हणलं, न्हाई येत.

तुझं पत्र दिलं तव्हाच त्रिंबकला मी हसनाबादेला बी पाठवल्तं, मुन्शीजी तिथं जावयाकडं हायेत. त्यांची नोकरी गेली. पोलीस म्हणतात, जाळणाऱ्यांनी तुला जिता कसा सोडला, तू बी त्यांच्यातला. दोन महिने रोज चावडीवर बोलवून विचारून राह्यलेत, कोण व्हते सांग. दादा, त्यांनी माझं नाव सांगितलं न्हाई. हाताची कातडी गेली तरी न्हाई सांगितलं. त्रिंबक सांगत व्हता, चिंध्या बांधलेले हात मांडीवर ठेवून म्हणले, "एक सौ चालीस. गाभन चौंतीस. मय भूला नै. तहसीलदार के सामने बोलूंगा. मगर मेरा अकेले का कौन मानता? वो छोकरा आके बोले कि जलाया मैंने, तब मेरी बात चलेगी."

गाभण चौतीस. तुझ्या दोराच्या बारक्या गाठी मोज. मी हे ऐकल्यापास्नं मोजून राह्यलो, दोर तुझ्याकडं हाय तरी.

त्रिंबक माझ्यावर भडकला. आम्ही हद्दीजवळच्या ह्या धाड गावच्या पारावर बसल्तो. म्हणला, "येडा झाला का? इकडं लोक तुला हार घालतील, अन् तिकडं बेड्या घालून घ्यायला चालला? आधी राज्य घेऊ, मंग मेंढरं मोजू."

मी म्हणलं, "लिलाव सत्तावीसला हाय."

"एकशे अठरा मेंढरं म्हणजे काय देश हाय का?"

"मला तुझं भाषण पाठ हाय, त्रिंबक. त्यात रयत म्हणजे कोण ते तू सांगितलं व्हतं. मेंढरं राखणारं बी त्यात व्हतं."

त्यानं बिडीचे दोन झुरके मारले. मंग बिडी अर्धी माझ्या हाती दिली. वाईट माणूस न्हाई तो.

वकीलसाहेबांना मी निघायच्या आधी खरं सांगितलं. त्यांनी दौतीचं झाकण लावलं. म्हणले, "तू इथं आहेस तोवर हैदराबादचा कायदा तुला हात लावू शकत नाही. अन् तिथं तुझ्या भावाला सोडवायला दिल्लीचा कायदा जाऊ शकत नाही. दोघांचेही हात हद्दीशी संपतात." मी म्हणलं, "हो साहेब, ते मला कळलं. म्हणून मीच चालत जाऊन राह्यलो." ते म्हणले, थांब, अन् तहसीलदारासाठी माझी जबानी उर्दूत लिहवून दिली. वर 'जैसे थे' करार लिहिलाय, खाली रिवाज, त्याच्या खाली मी. ती खिशात हाय. मला वाचता येत न्हाई. पण पानावर कुठंतरी माझं नाव हाय एवढं ठाव हाय.

उद्या उजाडता पाण्यातून उतरतो. आपल्याच वाटंनं, बापानं दाखवलेल्या. रझाकार रस्त्यावर हायेत म्हणतात, नदीत न्हाईत. आधी हसनाबादेला मुन्शीजीच्या दारात. ते काय म्हणतील ते म्हणू द्या. मंग त्यांना गाडीत घालून भोकरदन. सव्वीसला कचेरी उघडली की आम्ही दोघं तहसीलदारापुढं उभं. तू तिथं येऊ नको, दादा. तू आलास तर म्हणतील भावाभावांनी मिळून रचलंय. तू मेंढरांपाशी बस. मला बोलताना तुझं तोंड दिसलं तर माझं तोंड बंद व्हईल, हे तुला ठाव हाय.

ऐकलं तर मेंढरं सुटतील. वकील म्हणले सुटायला पाहिजेत. पाहिजेत म्हणले, सुटतील म्हणले न्हाईत, तो फरक मला कळतो. मला काय करतील ते मला ठाव न्हाई. मी विचारलंच न्हाई.

न ऐकलं तर सत्तावीसला लिलावात तू बाकी कशाकडं बघू नको. खाटीक येतील, ते कळप एकदम घ्यायला बघतील. चंद्री लंगडती हाय, म्हातारी हाय, तिच्यावर कोणी चढाओढ करणार न्हाई. तिला बाहेर वढ अन् तिचीच बोली लाव. घंटी बांध. तिच्या पोटात काही असंल तर ते बी आपलंच, कोणत्या बाजूचं ते विचारू नको.

गिरणीतला शेवटचा पगार खाडे कापून हाती कळदार, म्हणजे इकडचे इंग्रजी रुपये, बारा आला. तिकडं कळदार जवळ सापडला तर गुन्हा हाय, म्हणून इथल्या सराफाकडं मोडून घेतला. सरळ भावानं निजामाचे हाली रुपये चौदा यायला पाहिजे व्हते. तो म्हणला, हाली मिळतो कुठं आता, घ्यायचा तर घे. घेतला. त्रिंबक पुंजाराम मामाच्या हाती आणून देईल, मोजून घे.

चंद्रीसाठी, हाली सिक्का, रुपये अकरा, आणे आठ.